स्क्रीन काळी झाली म्हणून लगेच ड्रायव्हर बदलू नका

गेम रंगात आलेला असतो किंवा लग्नाचा व्हिडिओ एडिट होत असतो, आणि स्क्रीन दोन-तीन सेकंद काळी होते. मग पुन्हा उजळते आणि ‘डिस्प्ले ड्रायव्हर प्रतिसाद देत नव्हता, आता सावरला आहे’ अशा अर्थाचा इंग्रजी संदेश दिसतो. सुटे भाग आणून घरीच पीसी जुळवणाऱ्या बहुतेकांची या संदेशाशी कधी ना कधी गाठ पडते. मालवण-कुडाळकडून फोन येतो तोही असाच. “दादानू, स्क्रीन काळी होता नि परत येता. ड्रायव्हर बदलूचो लागतलो काय?”

संदेशात ड्रायव्हरचं नाव आहे म्हटल्यावर संशय त्याच्यावर जाणारच. पण ड्रायव्हर बिघडला असं त्या संदेशात कुठेही लिहिलेलं नसतं. तो थांबला, एवढंच असतं. का थांबला हे शोधणं आपल्याकडे उरतं. आणि समुद्रकाठच्या घरांत त्याचं उत्तर सॉफ्टवेअरपेक्षा वीज, दमट हवा आणि नीट न बसलेला कनेक्टर यांत सापडण्याची शक्यता जास्त, असं माझं मत झालं आहे.

आधी ड्रायव्हर करतो काय ते पाहू. ग्राफिक्स कार्डाला स्वतःचा प्रोसेसर असतो, स्वतःची मेमरी असते, स्वतःचं छोटं बायोसही (चालू होताना लागणारं, चिपमध्येच साठवलेलं सॉफ्टवेअर) असतं. त्या कार्डाच्या पोटात नेमकी रचना कशी आहे हे विंडोजला माहीत नसतं. ‘हा त्रिकोण काढ, याच्यावर हा रंग चढव’ असं गेम सांगतो. त्याचं त्या विशिष्ट कार्डाला कळेल अशा आज्ञांत रूपांतर करून कामं रांगेत लावायची, मेमरी वाटून द्यायची, घड्याळाचा वेग आणि व्होल्टेज वरखाली करायचं, ही सगळी कामं ड्रायव्हरची. म्हणूनच त्याची फाइल आता ७००-८०० एमबीच्या घरात गेली आहे आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवर ती उतरवायची म्हटली की घरात भांडणं होतात.

२००७ साली आलेल्या विंडोज व्हिस्टापासून विंडोज या कार्डावर पहारा ठेवते. कार्डाला दिलेलं काम अडकलं आणि २ सेकंदांत ते सुटलं नाही, तर कार्ड गोठलं असं समजून विंडोज ड्रायव्हरसकट त्याला रीसेट करते. काळी स्क्रीन दिसते ती त्या रीसेटची. थोड्या वेळात असे बरेच रीसेट झाले, नेमकं सांगायचं तर मिनिटभरात पाचाच्या वर गेले, किंवा रीसेट जमलाच नाही, तर निळी स्क्रीन येते आणि तिच्यावर ‘व्हिडिओ टीडीआर फेल्युअर’ असं लिहिलेलं असतं. टीडीआर म्हणजे हाच पहारा. व्हिस्टाआधी असं काही झालं की सरळ बटण दाबून पीसी बंद करावा लागे, त्यामुळे ही सोय चांगलीच आहे. गोंधळ होतो तो एवढ्यामुळे की कार्डाला वीज अपुरी पडली, मेमरीत खोट निघाली, स्लॉटमध्ये संपर्क तुटला किंवा ड्रायव्हरमध्येच चूक असली, तरी चारही वेळा विंडोजला दिसतं एकच: दोन सेकंद उत्तर आलं नाही.

रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जच्या साठ्यात, जाऊन ही दोन सेकंदांची मर्यादा आठ-दहा सेकंदांवर न्या, असा सल्ला सर्रास दिला जातो. ज्यांच्याकडे थ्रीडी रेंडरिंगसारखं जड काम चालतं, आणि एकेक आज्ञा खरोखरच दोन सेकंदांहून जास्त वेळ घेते, त्यांच्यासाठी तो ठीक आहे. बाकीच्यांनी तसं केलं तर पहारेकऱ्याला फक्त उशिरा जाग येते.

बिघाड कधी दिसतो, हे आधी बघा

काहीही पुसण्याआधी, डाउनलोड करण्याआधी, हे ठरवायचं की त्रास नेमका कोणत्या टप्प्यावर सुरू होतो.

पीसी चालू केल्यावर मदरबोर्ड कंपनीचा लोगो येतो, त्या वेळी विंडोज सुरूच झालेली नसते. तिचा ड्रायव्हरही लोड झालेला नसतो. जे चित्र दिसतं ते कार्ड स्वतःच्या बायोसच्या जोरावर काढत असतं. तेव्हाच उभ्या रेषा, रंगीत चौकोन किंवा ठिपक्यांची जाळी दिसत असेल तर ड्रायव्हर निर्दोष सुटला. मग केबल बदलून बघायची, मॉनिटर बदलून बघायचा, आणि तरीही रेषा राहिल्या तर कार्डाची मेमरी किंवा चिप गेली असं धरायचं. खात्री हवी असेल तर डिलीट की दाबून बायोसमध्ये शिरा आणि दहा-पंधरा मिनिटं पीसी तसाच राहू द्या. इथे तीनदा विंडोज मारूनही काही होणार नाही. आणि ‘फॉरमॅट मारून बघू’ हा आपल्याकडचा पहिला उपाय असल्यामुळे हे मुद्दाम सांगतोय.

स्क्रीनवर काहीच येत नसेल तर एकदा पीसीच्या मागे डोकावून बघा. एचडीएमआय केबल कार्डाच्या पोर्टमध्ये आहे की मदरबोर्डच्या? हसू नका, नव्याने जुळवलेल्या पीसीत हे फार आढळतं. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी एफ असतो, उदाहरणार्थ आय५-१२४००एफ, त्यात चित्र काढणारा भागच चालू नसतो. मदरबोर्डच्या पोर्टमधून त्याला काही दाखवता येत नाही. रायझन ५ ५६०० चंही तेच. ५६००जी मध्ये मात्र तो भाग असतो. माझं वैयक्तिक मत विचाराल तर गुहागर, देवगड, वेंगुर्ल्यासारख्या ठिकाणी पीसी जुळवणाऱ्याने थोडे पैसे जास्त देऊन अंगचं ग्राफिक्स असलेलाच प्रोसेसर घ्यावा. कार्ड अडलं तर ते काढून ठेवून पीसी चालू राहतो आणि बिघाडही शोधता येतो. मुंबईहून दुसरं कार्ड येईपर्यंत काळ्या स्क्रीनकडे बघत बसावं लागत नाही.

पुढचा टप्पा सेफ मोडचा. सेफ मोडमध्ये विंडोज कंपनीचा ड्रायव्हर बाजूला ठेवते आणि स्वतःचा साधा, कामचलाऊ ड्रायव्हर वापरते. सेफ मोडमध्ये सगळं शांत आणि नेहमीच्या विंडोजमध्ये लॉगिन होताच स्क्रीन गेली, तर संशय ड्रायव्हरवर जातो. इथे बरेच जण निकाल देऊन मोकळे होतात. पण थांबा. सेफ मोडमध्ये कार्ड जवळजवळ बसूनच असतं. वेग कमी, वीज कमी, मेमरीचा कोपराच वापरात. खरा ड्रायव्हर लोड झाला की कार्ड पहिल्यांदा अंग मोडून कामाला लागतं, आणि लपलेली खोट तेव्हाच बाहेर येते. म्हणजे सेफ मोडमधली शांतता ड्रायव्हरवरचा संशय वाढवते, सिद्ध करत नाही. ड्रायव्हर स्वच्छ काढून, जुना एक आणि नवा एक असे दोन वेगवेगळे टाकून पाहिले आणि दोन्हींत एकाच जागी पीसी पडला, तर हार्डवेअरकडे वळायचं.

आणि त्रास फक्त लोडवर, म्हणजे गेम किंवा एक्स्पोर्ट चालू असतानाच होत असेल, तर मी पहिल्यांदा वीज आणि तापमान बघतो, ड्रायव्हर नंतर.

विंडोजने लिहून ठेवलेलं वाचा

डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले अडॅप्टर्स उघडा. तिथे तुमच्या कार्डाऐवजी ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ असं दिसत असेल तर खरा ड्रायव्हर बसलेलाच नाही. कार्डाचं नाव आहे पण पिवळा त्रिकोण आहे, तर त्यावर दोनदा क्लिक केल्यावर एक कोड दिसतो. २८ म्हणजे ड्रायव्हर टाकलेलाच नाही. ३१ म्हणजे विंडोजला तो लोड करता आला नाही. ५२ म्हणजे ड्रायव्हरची डिजिटल सही पटली नाही. सगळ्यात बदनाम आहे तो ४३: ‘या उपकरणाने अडचण कळवली म्हणून विंडोजने ते थांबवलं.’ म्हणजे तक्रार कार्डाकडून किंवा ड्रायव्हरकडून वर आली आहे. ड्रायव्हर स्वच्छ टाकूनही ४३ परत आला तर बहुतेक वेळा कार्ड, त्याचं बायोस किंवा स्लॉट यांपैकी कुणीतरी दोषी निघतं.

दुसरी वही म्हणजे इव्हेंट व्ह्यूअर. त्यात विंडोज लॉग्स, मग सिस्टिम. ज्या वेळी स्क्रीन गेली त्या मिनिटाच्या नोंदी बघायच्या, आधीच्या सगळ्या नाहीत. तिथे निरुपद्रवी लाल खुणा ढिगाने असतात. ‘डिस्प्ले’ स्रोताची ४१०१ क्रमांकाची नोंद म्हणजे वर सांगितलेला पहारेकरी जागा झाला होता. ‘कर्नल पॉवर ४१’ म्हणजे पीसी न सांगता बंद पडला. लाइट गेली नसताना ही नोंद असेल तर आधी एसएमपीएसकडे, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याकडे बघा. हार्डवेअरच्या चुका टिपणाऱ्या ‘व्हीया लॉगर’ची (WHEA-Logger) नोंद असेल आणि तिच्यात पीसीआय एक्स्प्रेसचा, म्हणजे कार्ड ज्या जोडणीवर बसतं तिचा, उल्लेख असेल तर कार्ड आणि स्लॉट यांच्यामधल्या संपर्कावर संशय घ्यायचा. समुद्राजवळच्या पीसीत मी ही नोंद आवर्जून शोधतो.

चुकीच्या माणसावर आळ कसा येतो याचं अलीकडचं मोठं उदाहरण इंटेलचं आहे. तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या वरच्या प्रोसेसरांवर गेम सुरू करताना ‘व्हिडिओ मेमरी संपली’ असा संदेश येऊन गेम बंद पडायचे. लोकांनी ड्रायव्हर बदलले, कार्डं बदलली. २०२४ मध्ये उलगडलं की दोष प्रोसेसरला मिळणाऱ्या जादा व्होल्टेजचा होता. इंटेलने त्या ऑगस्टमध्ये मदरबोर्डच्या बायोसमधून दुरुस्ती दिली आणि त्या प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. असा प्रोसेसर असेल तर बायोस अद्ययावत आहे का ते आधी बघा. रॅमचंही असंच होतं. वेगवान रॅम तिच्या छापील वेगावर चालवायला बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो चालू करतात. मदरबोर्डला तो वेग झेपला नाही तर पीसी अधूनमधून पडतो आणि नाव ग्राफिक्सच्या ड्रायव्हरचं येतं. एक्सएमपी बंद करून एक-दोन दिवस वापरून बघणं हा फुकटचा प्रयोग आहे.

ड्रायव्हर कधीच दोषी नसतो असं मात्र नाही. मार्च २०१० मध्ये एनव्हिडियाला आपला १९६.७५ हा ड्रायव्हर मागे घ्यावा लागला होता, कारण त्याने कार्डाचे पंखेच नीट फिरत नव्हते. २०२५ च्या सुरुवातीला आरटीएक्स ५० मालिकेबरोबर आलेल्या ५७२ क्रमांकाच्या ड्रायव्हरांनी काळ्या स्क्रीनचा इतका त्रास दिला की कंपनीला एकामागून एक तातडीच्या दुरुस्त्या काढाव्या लागल्या, आणि जुनी कार्डं असलेले कित्येक जण डिसेंबर २०२४ च्या ५६६.३६ वर परत गेले. म्हणून त्रास नेमका ड्रायव्हर किंवा विंडोज अपडेट झाल्या दिवसापासून सुरू झाला असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमधलं ‘रोल बॅक ड्रायव्हर’ हे बटण आधी दाबा. ते राखाडी दिसत असेल तर जुना ड्रायव्हर साठवलेला नाही. कंपनीच्या संकेतस्थळावरून जुनी आवृत्ती घ्यावी लागेल.

स्वच्छ काढणं, स्वच्छ टाकणं

ड्रायव्हर टाकताना मध्येच लाइट गेली, हा आपल्याकडचा खास प्रसंग. अर्ध्या फाइली जुन्या, अर्ध्या नव्या, रजिस्ट्रीत दोन्हींच्या खुणा. एनव्हिडियाचं कार्ड काढून एएमडीचं बसवलं तरी जुन्याचे अवशेष राहतात. अशा वेळी ‘डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर’, म्हणजे डीडीयू नावाचं मोफत साधन कामाला येतं. एएमडीचं स्वतःचंही सफाईचं साधन आहे. दर महिन्याला हौस म्हणून डीडीयू चालवणारे लोक मी पाहिलेत. त्याची काही गरज नाही. नेहमीच्या अपडेटला कंपनीचा इन्स्टॉलर पुरतो आणि एनव्हिडियाच्या इन्स्टॉलरमध्ये ‘क्लीन इन्स्टॉलेशन’ची खूण करायची सोयही असते.

डीडीयू वापरायचंच असेल तर क्रम महत्त्वाचा. नवा ड्रायव्हर आधी उतरवून पेनड्राइव्हवर किंवा डेस्कटॉपवर ठेवा. विंडोजचे अपडेट चालू असतील तर ते पूर्ण होऊ द्या. २०२३ मध्ये एएमडीचा ड्रायव्हर टाकत असतानाच विंडोज अपडेट झाल्याने काही थोड्या पीसींची विंडोजच उघडेनाशी झाली होती. मग लॅन केबल काढा, वायफाय बंद करा. हे विसरलात तर तुम्ही जुना ड्रायव्हर काढून पीसी रीस्टार्ट करता आणि तेवढ्यात विंडोज अपडेट आपल्या पसंतीचा कुठलातरी जुना ड्रायव्हर परस्पर टाकून मोकळं होतं. आता शिफ्ट धरून रीस्टार्ट, त्यात ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, पुन्हा रीस्टार्ट आणि ४ हा आकडा, म्हणजे सेफ मोड. तिथे डीडीयू चालवून ‘क्लीन अँड रीस्टार्ट’. नेहमीच्या विंडोजमध्ये आल्यावर ठेवलेला ड्रायव्हर टाका, पुन्हा रीस्टार्ट करा, आणि मगच इंटरनेट जोडा.

या वाटेवर दोन खड्डे आहेत. सेफ मोडमध्ये कधीकधी पिन चालत नाही, खात्याचा पूर्ण पासवर्ड लागतो. आणि विंडोज ११ मध्ये डिस्क एन्क्रिप्शन चालू असलं, जे नव्या इन्स्टॉलमध्ये मायक्रोसॉफ्ट खात्यासह आपोआप चालू होऊ शकतं, तर विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकते. ती खात्यात साठवलेली असते. शिफ्ट-रीस्टार्ट करण्याआधी ती मोबाइलवरून बघून कागदावर लिहून ठेवा. दुपारभर लाइट टिकेल असा दिवस निवडा, हे वेगळं सांगायला नको.

आणखी एक बारीक गोष्ट. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आहे. तिच्यामुळे शट डाउन केल्यावर विंडोजचा गाभा ड्रायव्हरसकट डिस्कवर साठवला जातो आणि दुसऱ्या दिवशी तोच परत उचलला जातो. त्यामुळे ‘रात्री बंद करून सकाळी चालू केला, तरी तेच’ याला पुरावा म्हणून फारशी किंमत नाही. ड्रायव्हर नव्याने लोड व्हायला रीस्टार्टच हवा. स्क्रीन गोठली आहे पण गाण्याचा आवाज चालू आहे, अशा वेळी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकत्र दाबा. बीप होऊन ग्राफिक्सचा ड्रायव्हर रीसेट होतो आणि न साठवलेलं काम बऱ्याचदा वाचतं.

लिनक्स वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात: एएमडी आणि इंटेलचे ड्रायव्हर कर्नलमध्येच असतात, त्यांना वेगळं काही टाकायचं नसतं. एनव्हिडियाच्या बाबतीत कर्नल अपडेट झाल्यावर डेस्कटॉप आला नाही तर सिक्युअर बूट चालू आहे का आणि ड्रायव्हरच्या मॉड्यूलवर सही झाली आहे का, ते आधी तपासा. तात्पुरतं आत शिरायला बूट करताना ‘नोमोडसेट’ हा पर्याय द्या.

जुनी कार्डं, नकली कार्डं

कोकणात जुळवलेल्या पीसीत सेकंडहँड कार्डांचं प्रमाण बरंच. इथे ड्रायव्हर ‘बसत नाही’ याची कारणं निराळी असतात. जीटीएक्स ९०० आणि जीटीएक्स १० मालिकेसाठी एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५ नंतर नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर थांबवले. ऑक्टोबर २०२८ पर्यंत तीन-तीन महिन्यांनी फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतील. १०६० अजून धडधाकट असली तरी सगळ्यात नवा ड्रायव्हर तिच्यासाठी नाही, ५८० क्रमांकाच्या शाखेतलाच घ्यायचा. जीटीएक्स १६५०, १६६० यांना हे लागू नाही. एएमडीची एचडी ७०००, आर९ २०० आणि ३०० ही मालिका तर जून २०२१ मध्येच निवृत्त झाली.

क्रिप्टो मायनिंगमधून आलेल्या आरएक्स ५८० सारख्या कार्डांचं बायोस बऱ्याचदा बदललेलं असतं. एएमडीचा ड्रायव्हर बायोसची सही तपासतो आणि पटली नाही तर लोडच होत नाही. मूळ बायोस परत टाकलं की कार्ड नीट चालतं. काही कार्डांवर दुसऱ्या बायोसवर जायचा इवलासा स्विच असतो, आधी तो शोधा. आणि अगदीच स्वस्तात मिळालेली ‘१०५० टीआय’ असेल तर जीपीयू-झेड नावाचं मोफत साधन चालवून बघा. जुन्या जीटीएस ४५० किंवा ५५० टीआयवर नवं नाव चढवून विकलेली कार्डं ते २०१८ पासून ओळखतं आणि नावापुढे ‘फेक’ असं छापतं. त्यावर १०५० टीआयचा ड्रायव्हर कसा बसणार?

खारी हवा, ओला पावसाळा आणि लाइट

घाटावरच्या मित्रांना हे पटत नाही, पण हर्णै किंवा वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यालगतच्या घरात पीसीचे बिघाड वेगळ्या ऋतुचक्राने चालतात. वाऱ्याबरोबर येणारे मिठाचे सूक्ष्म कण पंख्याने आत ओढले जातात आणि बोर्डावर धुळीसोबत बसतात. मीठ कोरडं असेपर्यंत फारसा त्रास देत नाही. पण हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतः विरघळतं. पावसाळ्यात आपल्याकडे आर्द्रता त्याच्या वरच असते. म्हणजे मेमध्ये निरुपद्रवी असलेला थर जुलैत वीज वाहून नेणारं खारं पाणी होऊन बसतो. रोज चार तास चालणारा पीसी स्वतःच्या उष्णतेने कोरडा राहतो. चाकरमान्यांच्या बंद घरातला, शिमग्यानंतर थेट गणपतीत चालू होणारा पीसी मात्र हमखास रुसतो. असा पीसी महिनोन्महिने बंद राहिलेला असेल तर आल्या आल्या बटण दाबू नका. कॅबिनेटचं दार उघडून पंख्याच्या वाऱ्यात दिवसभर ठेवा.

कार्डाच्या खालच्या कडेला जी सोनेरी पट्टी असते ती तांब्यावर निकेल आणि त्यावर सोन्याचा अगदी पातळ मुलामा अशी असते. सोनं गंजत नाही, पण मुलाम्याच्या बारीक छिद्रांतून खालचे धातू गंजतात आणि वर मळकट डाग येतात. मग माहिती नेणाऱ्या सोळा वाटांपैकी, म्हणजे लेनपैकी, काही धड बोलत नाहीत. हे बघायला जीपीयू-झेडमध्ये बस इंटरफेस ही ओळ वाचा आणि शेजारचं प्रश्नचिन्ह दाबून कार्डाला थोडं काम द्या, कारण रिकाम्या वेळी कार्ड मुद्दाम वेग कमी ठेवतं. १६ लेनचं कार्ड ८ किंवा ४ वर चालताना दिसलं तर संपर्क बिघडला आहे किंवा कार्ड चुकीच्या स्लॉटमध्ये आहे. आरएक्स ६६०० आणि आरटीएक्स ४०६० ही कार्डं मुळातच ८ लेनची आहेत, त्यांच्या बाबतीत ८ बघून घाबरू नका.

उपाय साधा. पीसी बंद, वायर भिंतीतून काढलेली, पॉवर बटण दाबून उरलीसुरली वीज उतरवलेली. स्लॉटची कडी सोडवून कार्ड काढा. पट्टीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेलं मऊ फडकं हलक्या हाताने फिरवा. डाग हट्टी असेल तर पांढरं मऊ खोडरबर, तेही दोन-चार वेळाच. घासत बसलात तर मुलामाच निघेल. पूर्ण वाळू द्या, स्लॉटमध्ये हवा मारा, कार्ड कट्ट असा आवाज येईपर्यंत बसवा आणि स्क्रू लावा. रॅमलाही हेच करा. ड्रायव्हरची म्हणून माझ्यापर्यंत आलेली तक्रार एवढ्यावरच मिटते, असं वारंवार घडतं.

विजेचं गणितही बघा. स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात, ६ पिनच्या कनेक्टरमधून आणखी ७५, ८ पिनमधून १५०. कार्डाला दोन कनेक्टर लागत असतील तर एसएमपीएसमधून दोन स्वतंत्र केबल आणा. एकाच केबलला फुटलेली दोन तोंडं वापरली की लोडवर व्होल्टेज खाली येतं आणि पहारेकरी जागा होतो. जुन्या हार्डडिस्कच्या कनेक्टरवरून ८ पिन करणारे अडॅप्टर तर फेकूनच द्या. बाजारात सर्रास मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच देतो. मधल्या दर्जाच्या कार्डाचा गेमिंग पीसी आणि मॉनिटर मिळून त्याच्या जवळ पोचतात. संध्याकाळी गावभर दिवे-पंखे लागले, व्होल्टेज पडलं, यूपीएस बॅटरीवर गेला आणि त्याच क्षणी पीसी पडला, तर ड्रायव्हर बिचारा काय करणार? त्रास ठरावीक वेळीच होतो का, हे एका वहीत लिहून ठेवा.

कॅबिनेटला हात लागल्यावर झिणझिण्या येतात का? मग अर्थिंग नाही किंवा कमजोर आहे. एसएमपीएसमधल्या फिल्टरचा गळका प्रवाह जमिनीत जायला वाट नसली की तो कॅबिनेटवर राहतो. अशा पीसीची एचडीएमआय केबल टीव्हीत चालू अवस्थेत खुपसली तर पोर्ट जळू शकतो. होमस्टेवाल्यांकडे हे फार होतं. जांभ्याच्या कातळावरच्या घरात अर्थिंगचा खड्डा खोल जात नाही आणि एप्रिल-मेमध्ये तो कोरडा पडतो. वायरमनला बोलावून ते तपासून घेणं हा पीसीवरचा सगळ्यात चांगला खर्च. आणि वळवाच्या विजा चमकू लागल्या की पॉवरसोबत लॅनची वायरही काढा.

हे सगळं करूनही रेषा राहिल्या तर एकच पक्की कसोटी उरते: कार्ड दुसऱ्याच्या पीसीत, दुसऱ्या एसएमपीएसवर लावून बघणं. तिथेही तेच झालं तर वॉरंटी. सर्व्हिस सेंटर बहुधा मुंबई-पुण्याकडेच असणार, म्हणून कुरिअर आलं. पीसी एसटीने किंवा रेल्वेने न्यायचा असला तरी जड कार्ड आधी काढून वेगळं बांधा, नाहीतर धक्क्यांनी स्लॉटच तुटतो. बहुतेक कंपन्या गंज आणि पाण्याचं नुकसान वॉरंटीत धरत नाहीत, त्यामुळे पाठवण्याआधी पट्टी स्वच्छ करा आणि कार्डाच्या दोन्ही बाजूंचे, अनुक्रमांकाचे आणि रेषा दिसणाऱ्या स्क्रीनचे फोटो काढून ठेवा. सोबतच्या चिठ्ठीत ‘ड्रायव्हर प्रॉब्लेम’ असं मोघम लिहू नका. तसं लिहिलं तर तिथला माणूस नवा ड्रायव्हर टाकेल, पाच मिनिटं बघेल आणि कार्ड परत पाठवेल. ‘बायोसमध्येही रेषा दिसतात, दोन पीसींत तपासलं, दोन वेगळे ड्रायव्हर टाकून पाहिले’ असं लिहा.